इंग्रजांचा दुपारचा चहा आणि आपली कपबशी

मोठ्या शहरांतील दुकानांतून इंग्रजी चहाचे सुबक डबे आज सहज मिळतात. एकावर ‘अर्ल ग्रे’ असें नांव असतें, दुसऱ्यावर ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’, तिसऱ्यावर ‘दार्जिलिंग’. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत समुद्राकडे तोंड करून बसावें आणि साहेबी थाटाचा दुपारचा चहा एकदां घेऊन पाहावा, ही हौसहि पुष्कळ कुटुंबें पुरवून घेतात. मग घरांत वाद निघतो. यांतील उत्तम चहा कोणता? आणि चहा पिण्याची खरी रीत कोणती, साहेबाची कीं आपली? मी यवतमाळ जिल्ह्यांत आयुष्यभर मास्तरकी केलेला मनुष्य. चहा पारखणाऱ्या तज्ज्ञांची जीभ मजजवळ नाहीं. परंतु इतिहास शिकवितां शिकवितां एक संवय जडली आहे. कोणतीहि वस्तु पुढें आली कीं, ती कोठून आली, तिचे पैसे कोणीं भरले आणि ती कोणाकोणाच्या पंक्तीला पोंचली, हे तीन प्रश्न मी विचारतों. आज चहाला हेच तीन प्रश्न विचारावयाचे आहेत.

पहिली गोष्ट अशी कीं, चहा आपल्याकडे इंग्रजांनींच आणला ही समजूत अर्धीच खरी आहे. मांडेल्स्लो नांवाचा एक जर्मन प्रवासी १६३८ सालीं सुरतेस आला होता. तेथें रोजच्या बैठकींत आपण चहा घेत असूं, आणि हें पेय इंग्रज व डच व्यापाऱ्यांप्रमाणेंच देशी लोकांतहि प्रचारांत आहे, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. पोट साफ राखणारें औषध म्हणून लोक तें घेत. लंडनच्या वर्तमानपत्रांत चहाची जाहिरात छापून येण्यास त्यानंतर वीस वर्षें लागलीं. पुढें १६८९ सालीं ओव्हिंग्टन नांवाचा इंग्रज पाद्री सुरतेस येऊन राहिला. स्वदेशीं परत गेल्यावर त्यानें १६९९ सालीं चहाच्या गुणधर्मांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे साहेबाला चहाची ओळख होत होती त्या काळांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांना तो नवा नव्हता.

नांवावरूनहि हा इतिहास दिसतो. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर कँटन आणि मकाव येथें या पानाला ‘चा’ म्हणत. तेथें व्यापार करणाऱ्या पोर्तुगीजांनीं तेंच नांव उचललें. त्याच किनाऱ्यावर थोडें वर, फुकियेन प्रांतांत, त्याला ‘ते’ म्हणत. तें नांव डचांनीं युरोपांत नेलें आणि त्याचा इंग्रजी ‘टी’ झाला. आपला ‘चहा’, हिंदीचा ‘चाय’ आणि आमच्या वऱ्हाडी माणसाचा ‘च्या’ हे सारे ‘चा’च्या घराण्यांतले. एकाच झाडाच्या पानाला जगांत दोन नांवें पडलीं, तीं मुख्यतः तें पान कोणत्या वाटेनें बाहेर पडलें यावरून.

मुंबईचा आणि इंग्रजी चहाचा संबंध तर विवाहाचा आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशीं १६६२ सालीं लग्न झालें. त्या लग्नाच्या करारानें मुंबई बेट आंदण म्हणून इंग्रजांकडे गेलें, हें शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु त्याच राणीबरोबर चहाची आवडहि इंग्रजी दरबारांत शिरली, हें सहसा सांगितलें जात नाहीं. चहा लंडनला तत्पूर्वीं पोंचला होता. सॅम्युअल पीप्स या प्रसिद्ध दैनंदिनीकारानें २५ सप्टेंबर १६६० रोजीं आपण आयुष्यांत प्रथमच हें चिनी पेय घेतल्याची नोंद केली आहे. परंतु राणी पिते म्हटल्यावर सरदारांच्या स्त्रियाहि पिऊं लागल्या. १६६४ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली. त्याच वर्षीं ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या राजाला चहाचा नजराणा दिला. तो किती? दोन पौंड दोन औंस, म्हणजे एक किलोहूनहि थोडा कमी. राजाला नजर करावयाची वस्तु ती, इतकी दुर्मिळ होती.

पुढच्या सव्वाशें वर्षांत हीच वस्तु साध्या इंग्रज माणसाच्या घरांत आली. टॉमस ट्विनिंग यानें १७०६ सालीं लंडनच्या स्ट्रँड भागांत कॉफीगृह घेऊन तेथें चहा विकण्यास प्रारंभ केला. त्याच्या नांवाचे डबे आजहि आपण पाहतों. सरकारनें मात्र चहावर कराचा डोंगर रचला होता. मूळ किंमतीहून कर अधिक, म्हणजे शेंकडा ११९ पर्यंत गेलेला. मग चोरटा व्यापार फोफावला नाहीं तरच नवल! अखेर १७८४ सालीं पिट या मुख्य प्रधानानें तो कर शेंकडा साडेबारावर आणला आणि चहाचा खप झपाट्यानें वाढला. इंग्लंडच्या मजुराच्या भाकरीबरोबर चहा येऊन बसला तो या सुमारास.

आतां दुसरा प्रश्न: या चहाचे पैसे कोणीं भरले? चिनी व्यापाऱ्याला इंग्लंडचें लोकरी कापड फारसें नको होतें, त्याला रुपें हवें होतें. जहाजें भरभरून रुपें पूर्वेकडे जाऊं लागलें तेव्हां हिंदुस्थानचा माल चीनमध्यें विकून चहाची किंमत भागविण्याची युक्ति कंपनीनें काढली. १७८४ नंतर मुंबई बंदरांतून कँटनला कापसाचे गठ्ठे मोठ्या प्रमाणावर जाऊं लागले. हा कापूस बहुतेक गुजराथचा होता. आमच्या वऱ्हाडच्या कापसाची पाळी पुढें मँचेस्टरसाठीं यावयाची होती. परंतु काळ्या जमिनींतलें पांढरें बोंड देऊन हिरवें पान विकत घेण्याचा हा व्यवहार कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतील माणसानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

१८२० नंतर कापसाला अफूनें मागें टाकलें. बंगाल-बिहारांतील अफू कंपनीच्या मक्त्याची. माळव्याची अफू मुंबईवरून चीनला जाई, आणि मुंबईच्या कित्येक मोठ्या व्यापारी घराण्यांची भरभराट या मालावर झाली. चिनी सरकारनें अफू जप्त करून नष्ट केली तेव्हां इंग्रजांनीं १८३९ ते १८४२ असें युद्ध केलें आणि हाँगकाँग घेतलें. सज्जनांच्या दिवाणखान्यांतील चांदीच्या किटलीमागें ही हकीकत आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकानें १९४६ सालीं उत्तम चहा कसा करावा याचे अकरा नियम एका वर्तमानपत्री लेखांत सांगितले. चहा हिंदुस्थानचा किंवा सिलोनचाच असावा, दूध मागाहून घालावें, साखर मुळींच घालूं नये, असा त्याचा आग्रह. हा लेखक जन्मला बिहारांतील मोतीहारीस, आणि त्याचे वडील सरकारच्या अफू खात्यांत नोकरीस होते. इतिहास कधीं कधीं एकाच घरांत असे दोन टोकांचे धागे आणून ठेवतो.

साखरेचीहि कथा वेगळी नाहीं. वेस्ट इंडीज बेटांतील उंसाच्या मळ्यांत आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम राबत. १७९१ सालीं पार्लमेंटानें गुलामांचा व्यापार बंद करण्याचें बिल फेटाळलें, तेव्हां इंग्लंडांतील असंख्य कुटुंबांनीं गुलामांच्या श्रमाची साखर चहांत घालणें सोडून दिलें. या चळवळींत स्त्रिया पुढें होत्या, कारण घरांतला चहा त्यांच्या हातीं होता. हें मी मुद्दाम सांगतों. ज्या राष्ट्रानें तो व्यापार केला, त्याच राष्ट्रांतल्या गृहिणींनीं आपल्या टेबलावरचें साखरेचें भांडें उचलून बाजूला ठेवलें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही शिकविल्या पाहिजेत.

कंपनीचा चीनच्या व्यापारावरील मक्ता १८३३ च्या कायद्यानें संपला. मग चहाचें झाड आपल्याच राज्यांत मिळेल काय याचा शोध जोरांत सुरू झाला. आसामांत सिंगफो लोक तें पान पूर्वींपासून वापरीत होते. रॉबर्ट ब्रूस यास १८२३ च्या सुमारास त्याचा पत्ता लागला होता. १० जानेवारी १८३९ रोजीं आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लंडनमध्यें लिलांव झाला. दार्जिलिंगला डॉक्टर कँपबेल यांनीं १८४१ सालीं आपल्या बागेंत चिनी जातीचीं झाडें लावलीं, आणि १८५० नंतर तेथें मळे उभे राहिले. सिलोनांत जेम्स टेलर यानें १८६७ सालीं लागवड केली. १८८८ सालीं इंग्लंडांत जाणाऱ्या हिंदी चहानें चिनी चहाला मागें टाकलें.

या मळ्यांत काम करण्यास माणसें लागत, आणि तीं छोटा नागपूर, संथाळ परगणे, ओडिशा व मध्यप्रांत येथून नेलीं गेलीं. करारावर आंगठा उठला कीं मनुष्य अडकला. काम सोडणें हा गुन्हा ठरे, आणि १८६५ च्या एका कायद्यानें तर पळालेल्या मजुराला पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांच्या हातीं दिला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत ज्या गोंड जमातीची वस्ती आहे त्या जमातीचीं कुटुंबेंहि मध्यप्रांतांतून तिकडे गेलीं. त्यांचे वंशज आज आसामच्या मळ्यांतून राहतात. सांगण्याचें तात्पर्य, ज्याला आपण इंग्रजी चहा म्हणतों त्यांतील पान चीनचें किंवा आसामचें, साखर बेटांवरची, प्याल्याची कल्पना चीनची आणि घाम गोंड-संथाळांचा.

मग त्यांत इंग्रजी काय? दोन गोष्टी. एक पारख, आणि दुसरी वेळ.

पारखीचें श्रेय नाकारतां येणार नाहीं. निरनिराळ्या मळ्यांचीं पानें चाखून, तोलून, ठराविक चवीचें मिश्रण दरवर्षीं जसेंच्या तसें तयार करणें ही मोठी विद्या आहे. ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ हें असेंच मिश्रण. आसामचा कडकपणा आणि सिलोनचा तजेला त्यांत एकत्र येतात, आणि अलीकडे केनियाचें पानहि असतें. त्याला दूध सोसतें. नुसत्या आसामी चहाला भाजलेल्या धान्यासारखा खमंगपणा असतो. तोहि दुधासह घ्यावा. दार्जिलिंगची गोष्ट निराळी. मार्च-एप्रिलांत खुडलेल्या पहिल्या पानाचा रंग फिका आणि वास फुलासारखा. मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीच्या पानाला द्राक्षाची आठवण करून देणारा सुवास असतो. त्यांत दूध घालणें म्हणजे अत्तराच्या फायांत तेल ओतणें होय. कढत पाण्यांत तीन मिनिटें पान ठेवावें आणि गाळून प्यावें. या दार्जिलिंगला २००४ सालीं भारतांतील पहिलें भौगोलिक मानांकन मिळालें. चीनचा कीमून सौम्य. लापसांग सूशाँग देवदाराच्या जातीच्या लांकडाच्या धुरावर वाळविलेला, त्यामुळें त्याला चुलीजवळच्या धुराचा वास. आणि अर्ल ग्रे म्हणजे काळ्या चहाला बर्गामोट या इटलींतील, लिंबाच्या कुळांतल्या, फळाच्या सालीचें तेल लावलेलें. १८३० ते १८३४ या काळांत इंग्लंडचा मुख्य प्रधान असलेल्या अर्ल ग्रे याचें नांव त्याला मिळालें. एका चिनी अधिकाऱ्यानें कृतज्ञतेनें त्याला कृति दिली ही कथा मात्र डब्यावरच शोभते, तिला पुरावा नाहीं.

आपल्या रोजच्या चहाचा जन्महि एका यंत्रांत आहे. १९३० च्या सुमारास विल्यम मॅक्केर्चर यानें आसामांतील आमगुरी मळ्यांत पान चुरडणारें, फाडणारें आणि मुरडणारें यंत्र सिद्ध केलें. त्यांतून निघणारी बारीक दाणेदार भुकटी स्वस्त पडते, रंग लवकर सोडते आणि थोडक्या मापांत पुष्कळ कप होतात. आपण दूध, साखर, आलें, वेलदोडा घालून ती उकळतों, कारण ती उकळण्याजोगीच आहे. दार्जिलिंगचें पान असें उकळलें तर वायां जाईल, आणि ही भुकटी साहेबाप्रमाणें पाण्यांत ठेवून प्याली तर नुसती कडवट लागेल. म्हणून या दोन चहांची एका तराजूंत तुलना करूं नये.

आतां वेळेविषयीं. इंग्लंडच्या श्रीमंत घरांतून रात्रीचें जेवण उशिरां, आठाच्या सुमारास होऊं लागलें. दुपारचा फराळ हलका. मध्यें पोटांत पडणारी पोकळी भरून काढण्यासाठीं बेडफर्डची सरदारीण ॲना मरिया हिनें १८४० च्या सुमारास दुपारीं चार-पांच वाजतां चहा, पाव आणि लोणी मागविण्यास आरंभ केला आणि मैत्रिणींनाहि बोलावूं लागली, असें परंपरेनें सांगतात. त्यांतून काकडीच्या पातळ चकत्यांचीं सँडविचें, दाट साय आणि मुरंबा लावलेले स्कोन, नक्षीदार कपबशा हा सारा थाट निर्माण झाला. स्कोनवर डेव्हन परगण्याचे लोक आधीं साय लावतात, कॉर्नवॉलचे आधीं मुरंबा. आणि या क्रमावरून तेथें हंसत हंसत कां होईना पण वाद होतात. आपल्याकडे पुरणपोळी दुधाबरोबर खावी कीं तुपाबरोबर यावरून होणारे वाद आठवावे. आपल्या हॉटेलांतून याच चहाला ‘हाय टी’ म्हणतात, तें चूक. इंग्लंडांत ‘हाय टी’ म्हणजे कारखान्यांतून थकून आलेल्या मजुराचें संध्याकाळचें पोटभर जेवण. त्यांत मांस असे, बटाटे असत, आणि शेवटीं कडक चहा. श्रीमंतांच्या चहाला गरिबांच्या चहाचें नांव देऊन आपण तो महाग करून विकतों! आणखी एक गोष्ट. बशींत ओतून भुरके मारणाऱ्या आपल्या आजोबांना कोणी हंसूं नये; अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कित्येक इंग्रजहि बशींतूनच चहा पीत.

इंग्लंडच्या या चहानें एक चांगलें काम केलें, तें नमूद करावें लागेल. १८६४ सालीं एरेटेड ब्रेड कंपनीनें आणि १८९४ सालीं लायन्स यांनीं लंडनमध्यें चहाचीं दुकानें काढलीं. दारूच्या गुत्त्यांत प्रतिष्ठित स्त्री जाऊं शकत नव्हती. चहाच्या दुकानांत ती पुरुषाच्या सोबतीशिवाय बसूं शकली. मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रिया अशा चहागृहांतून जमत. कोण कोणाबरोबर कोठें बसून पितो, या गोष्टीला इतकें महत्त्व आहे.

आणि येथें आपण तिसऱ्या प्रश्नापाशीं येतों. हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रांत फार तीव्र होता. १८९० सालच्या ऑक्टोबरांत पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील नामांकित मंडळी जमली होती. न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळराव गोखले होते. इंग्रजी रीतीप्रमाणें पाहुण्यांपुढें चहा आणि बिस्किटें आलीं. कोणीं घेतला, कोणीं नुसता हातीं धरून खालीं ठेवला. ही बैठक जमविणारे गृहस्थ होते डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी. त्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत जाहीर करविलीं आणि गांवांत वादळ उठलें. ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, १८९२ सालीं चौकशी झाली. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला पुढें केला. न्यायमूर्तींनीं आपल्यामुळें मित्रांच्या कुटुंबांना होणारा त्रास पाहून प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांचाच रोष सोसला. एका कपापायीं शहरांतल्या घरोघरीं लग्नकार्यें आणि श्राद्धपक्ष अडून राहिले. साहेबाच्या घरीं दुपारचा चहा हा वेळ घालविण्याचा प्रकार. आपल्याकडे तोच चहा धर्मसंकट होऊन बसला.

मात्र पुण्यांतील हा तंटा उच्चवर्णीयांचा आपसांतला होता. ज्यांना कोणी आपला कपच देत नव्हतें त्यांचें काय? याचें उत्तर पुढें कोल्हापुरांत मिळालें. गंगाराम कांबळे नांवाचा महार समाजांतील नोकर सरकारी पागेंत कामास होता. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्याला मारहाण झाली. राजर्षि शाहू महाराजांना हें कळलें तेव्हां त्यांनीं त्याला स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य केलें, आणि गंगारामनें भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें हॉटेल उघडलें. नुसतें दुकान उघडून गिऱ्हाईक येत नाहीं, हें महाराज जाणून होते. फेरफटक्यास निघाले कीं ते आपली गाडी त्या दुकानापुढें थांबवीत, मोठ्यानें चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाहि पाजीत. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्यांनीं नाहीं कसें म्हणावें? लंडनला एका राणीनें चहा प्रतिष्ठित केला, तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत. कोल्हापुरांत एका राजानें रस्त्यावर चहा घेतला आणि माणूस प्रतिष्ठित केला. मला दोहोंपैकीं दुसरा चहा मोठा वाटतो.

आतां आमच्या मुलुखाकडे येऊं. वऱ्हाड १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला. आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ सालीं त्याला यवतमाळचें नांव मिळालें. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं कापसाचे गठ्ठे वाहण्यासाठीं मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा या वाटेनें यवतमाळपर्यंत अरुंद रूळ पडले. लोकांनीं जिला प्रेमानें ‘शकुंतला’ म्हटलें ती ही गाडी. आतां ती धांवत नाहीं. कापसाचा बाजार भरला, जिनिंग-प्रेसिंगचीं धुराडीं उभीं राहिलीं, पहाटेपासून गाड्यांची रांग लागूं लागली, कीं तेथें चहाचें दुकान हवेंच.

हा खप आपोआप वाढला असें मात्र समजूं नये. मळेवाल्यांच्याच मागणीवरून १९०३ सालीं सरकारनें निर्यात चहावर पट्टी बसविली आणि त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. पुढें परदेशांतील बाजार मंदावला तेव्हां हाच प्रचार हिंदुस्थानांत जोरानें झाला. रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांतून, जत्रांतून फुकट चहा वांटीत. पाणी किती, पान किती, किती मिनिटें ठेवावें याचे तक्ते लावीत. गंमत अशी कीं, शिकवीत होते साहेबी चहा, आणि आपले दुकानदार पान वांचवून दूध-साखर-मसाला वाढवून उकळूं लागले. प्रचारक नाराज झाले, पण गिऱ्हाईक खूष झालें. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामला राहणाऱ्या महात्माजींनीं चहा-कॉफीची शरीराला गरज नाहीं असें १९४२ सालीं तुरुंगांत लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकांत स्पष्ट सांगितलें. त्या बाबतींत त्यांचें कोणीं फारसें ऐकलें नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे.

हीं चहाचीं दुकानें खेड्यांत पोंचलीं, पण त्यांच्याबरोबर जुना विटाळहि दारांत उभा राहिला. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या वर्षांत, गांवच्या एका हॉटेलाबाहेर पत्र्याच्या छपराखालीं कान तुटलेल्या दोन-तीन कपबशा निराळ्या ठेवलेल्या असत. दलित वस्तींतल्या माणसानें तेथूनच चहा मागावा, वरून ओतलेला घ्यावा, उकिडवें बसून प्यावा आणि कपबशी स्वतः धुऊन जागेवर ठेवावी. पैसे मात्र सर्वांना सारखेच! वास्तविक १९५० च्या संविधानानें अस्पृश्यता नाहींशी केली होती, आणि १९५५ च्या कायद्यानें हॉटेलांतील भांडीं वापरण्यास अशी मनाई करणें हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला होता. त्या कायद्यांत भांड्यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. राष्ट्राच्या कायद्याला कपबशीपर्यंत खालीं उतरावें लागलें, यावरून ती कपबशी किती जड होती याची कल्पना यावी. आज त्या कपबशा छपराखालून गेल्या आहेत. कागदाचे पेले आले, ते सर्वांना सारखे. परंतु वस्तु नाहींशी झाली म्हणजे मनांतली रांगहि मोडली, असें छातीला हात लावून म्हणतां येईल काय, हें ज्याचें त्यानें पाहावें.

चहानें माणसें जोडतात आणि चहानेंच तोडतात, हें आपल्या राजकारणालाहि चांगलें ठाऊक आहे. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतें तेव्हां आदल्या दिवशीं सरकार विरोधी पक्षांना चहापानाला बोलावतें, आणि विरोधी पक्ष बहुधा त्यावर बहिष्कार घालतात. तेथें चहाची चव कोणी विचारीत नाहीं. तो कोणाबरोबर घेतला, किंवा घेतला नाहीं, एवढीच बातमी होते.

तेव्हां आरंभींच्या वादाचें उत्तर असें. सुवास हवा असेल तर दार्जिलिंग घ्यावा, त्याला दुधापासून दूर ठेवावें. सकाळची तरतरी हवी असेल तर आसामला तोड नाहीं. अर्ल ग्रे ज्याला रुचेल त्यानें घ्यावा. आणि थंडीच्या पहाटे आल्याचा उकळलेला चहा हवा असेल तर साहेबाचे तक्ते खुशाल विसरावे. डब्यावरच्या इंग्रजी नांवाला भुलूं नये आणि त्याला नाकहि मुरडूं नये. त्या डब्यांत आपल्याच देशांतल्या मळ्यांची आणि मजुरांची मेहनत आहे.

आमच्या जिल्ह्यांत एक चहा आणखी आहे, तो कोणत्याहि दुकानांत डब्यांतून मिळत नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओसरीवर तुम्ही अवचित गेलां आणि घरांत दूध नसलें, तर गुळाचा किंवा चिमूटभर साखरेचा कोरा चहा पुढें येतो. लंडनचा पारखी चवीसाठीं दूध वर्ज्य करतो. येथें दूध नसतें म्हणून तें वर्ज्य असतें. चहा आणणारी गृहिणी ‘दूध नाहीं’ असें खालमानेनें सांगते. ज्याला पाहुणचार कळतो तो त्या वेळीं ‘मला कोराच आवडतो’ असें म्हणतो, त्याच घरच्या कपांतून तो पितो, आणि थोडा वेळ बसतो. नापिकीच्या वर्षीं अशा घरांतून बोलण्यासारखें पुष्कळ साठलेलें असतें. तें ऐकून घ्यावें, आणि मगच उठावें.